प्रवाळाला लागलेल्या उवा-लिखा

घरगुती टाकीतल्या प्रवाळांना कुरतडणारे जीव औषधाच्या पाण्यात झटकन मरतात. त्यांची अंडी मात्र मरत नाहीत. म्हणून इथे औषधापेक्षा कॅलेंडर जास्त उपयोगी पडते.

शाळकरी मुलांच्या केसांत उवा झाल्या की घरातली जाणती बाई एक गोष्ट हमखास सांगते : नुसत्या उवा मारून भागत नाही, लिखाही काढाव्या लागतात. औषधाने चालत्या-फिरत्या उवा मरतात. पण केसाला घट्ट चिकटलेली लीख त्यातून बचावते आणि आठ-दहा दिवसांत तिच्यातून नवी ऊ बाहेर पडते. म्हणून औषध दुसऱ्यांदा लावायचे असते आणि तेही मोजून-मापून ठरावीक दिवसांनी. हाच नियम विसरल्यामुळे अमेरिका, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया इथल्या असंख्य घरांतली प्रवाळांची टाकी दरवर्षी उजाड होते.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवणे हा त्या देशांतला मोठा आणि खर्चिक छंद आहे. प्रवाळ दिसायला झाडासारखा असला तरी तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे हजारो चिमुकले जीव एकमेकांना जोडून राहतात आणि आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. सांगाड्यावर पसरलेला हा जिवंत थर फार पातळ असतो. तो खरवडला गेला की खालचा पांढरा चुना उघडा पडतो, त्यावर शेवाळ चढते आणि ती जागा सहसा परत भरून येत नाही.

भारतापुरते आधीच सांगायला हवे, की सर्व कठीण प्रवाळ, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वाघाला आहे तेच. त्यामुळे ते घरात पाळणे, विकणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला तुकडाही त्यातून सुटत नाही. तरीही हा विषय इथल्या वाचकाने समजून घेण्यासारखा आहे. एक तर परदेशात राहणाऱ्या अनेक मराठी घरांत अशी टाकी असते. दुसरे म्हणजे, तुटलेल्या प्रवाळभित्ती पुन्हा उभ्या करण्यासाठी मन्नारच्या आखातात आणि गुजरातमध्ये मिठापूरजवळ प्रवाळांचे तुकडे लावण्याचे काम झाले आहे. प्रवाळांच्या अशा रोपवाटिकांना किडीचे शास्त्र माहीत असावेच लागते. आणि तिसरे, या किडीवरच्या एका घरगुती उपायाने माणसेच रुग्णालयात पोहोचली आहेत.

कलमाबरोबर येणारी कीड

नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीबरोबर पिठ्या ढेकूण घरात येतो आणि महिनाभरात गच्चीवरच्या सगळ्या कुंड्यांत पसरतो. प्रवाळांचेही तसेच होते. हौशी लोक मोठ्या प्रवाळाचा बोटभर तुकडा तोडून चिनी मातीच्या छोट्या चकतीवर चिकटवतात आणि विकतात किंवा एकमेकांना देतात. त्या तुकड्यावर, बहुधा चकतीच्या खालच्या बाजूला, कीड किंवा तिची अंडी बसून येतात.

यातली सर्वांत बदनाम कीड म्हणजे ॲक्रोपोरा जातीच्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळांना खाणारा चपटा कृमी. जास्तीत जास्त सेंटीमीटरभराचा, कागदासारखा पातळ. तो प्रवाळाचे मांस खातो तेव्हा त्यातले शैवाल आणि रंगद्रव्येही त्याच्या शरीरात येतात आणि त्याचा रंग थेट त्या प्रवाळासारखा होतो. त्यामुळे फांदीवर वीस कृमी बसले असले तरी डोळ्यांना एकही दिसत नाही. दिसतात त्या फक्त खुणा : फांदीवर गोलसर फिकट ठिपके, मंदावलेला रंग आणि बुंध्याकडून वर सरकत जाणारा पांढरेपणा. हौशी लोकांना हा कृमी आधीपासून ठाऊक होता. शास्त्राने त्याचे रीतसर वर्णन २०११ मध्ये केले, तेही टाक्यांतून मिळालेल्या नमुन्यांवरून. खुल्या समुद्रात तो असल्याची पहिली नोंद २०१२ मध्ये झाली, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझर्ड बेटाजवळ. आज त्याचे शास्त्रीय नाव प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी असे आहे.

दुसरी कीड म्हणजे माँटिपोरा जातीच्या प्रवाळांवरची पांढरी समुद्री गोगलगाय. शंख नसलेली, काही मिलिमीटर लांबीची, अंगावर बारीक बोटांसारखे उंचवटे असलेली. ती प्रवाळाच्या खालच्या अंधाऱ्या बाजूला राहते आणि तिथेच अंड्यांचे पुंजके चिकटवते. तिलाही शास्त्रीय नाव मिळायला २०२० साल उजाडले : फेस्टिला सबओडिओसा. तिच्या भाईबंदांपैकी एक पोराइट्स जातीच्या प्रवाळांवर जगते. पाण्यात विरघळलेल्या त्या प्रवाळाच्या रसायनाचा सुगावा लागला की तिची तरंगती पिल्ले खाली उतरून रूप बदलतात, हे हवाईतल्या संशोधनातून समजले आहे. म्हणजे ही कीड वाट चुकून येत नाही, ती आपले ताट शोधत येते.

तिसरी कीड ‘रेड बग’ म्हणून ओळखली जाते. ती प्रत्यक्षात कोळंबीच्या दूरच्या गोतातली, अर्ध्या मिलिमीटरची, पिवळसर अंगावर लाल ठिपका असलेली जीवजात आहे. ती ॲक्रोपोराच्या पृष्ठभागावर फिरते. प्रवाळ लगेच मरत नाही, पण त्याचे पॉलिप मिटलेले राहतात, रंग उतरतो आणि वाढ खुंटते.

याशिवाय आयप्टेशिया नावाचे तपकिरी समुद्रफूल आहे. ते प्रवाळ खात नाही. डंख मारून त्याची जागा बळकावते. उपटायला जावे तर मागे राहिलेल्या चिमूटभर तुकड्यातून नवे उगवते. हरळीसारखेच.

अकरा आणि सत्तावीस

नव्या प्रवाळाला टाकीत ठेवण्यापूर्वी औषधी पाण्यात बुचकळून काढणे ही या छंदातली रूढ पद्धत आहे. त्याला ‘डिप’ म्हणतात. आयोडीनचे द्रावण, वनस्पती-तेलांपासून केलेली मिश्रणे, पोटॅशियमचे क्षार असे अनेक प्रकार वापरात आहेत. पाच-दहा मिनिटे बुचकळून पिचकारीने पाण्याचा झोत मारला की चपटे कृमी सुटून तळाशी पडतात. ते पाहून समाधान वाटते आणि घात तिथेच होतो.

कृमी आपली अंडी प्रवाळाच्या जिवंत भागावर घालत नाही. शेजारच्या उघड्या, मेलेल्या सांगाड्यावर तो सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके चिकटवतो. प्रत्येक अंड्याला टणक कवच असते आणि एका कवचात एकाहून अधिक पिल्ले असतात. औषध कवचातून आत जात नाही. प्रवाळ स्वच्छ झाला असे समजून तो टाकीत ठेवला जातो आणि काही दिवसांनी अंडी फुटतात.

किती दिवसांनी? ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये या कृमीचे जीवनचक्र प्रयोगशाळेत मोजले. पाणी २७ अंश सेल्सियस असताना अंडे फुटायला सुमारे ११ दिवस लागतात आणि बाहेर पडलेला कृमी स्वतः अंडी घालण्याइतका वाढायला आणखी सुमारे २७ दिवस. म्हणजे अंड्यापासून अंड्यापर्यंत किमान ३८ दिवस. पाणी गरम असेल तर हे चक्र वेगाने फिरते, थंड असेल तर लांबते.

सगळा उपचार या दोन आकड्यांत आहे. पहिल्या डिपने मोठे कृमी मरतात. दुसरा डिप अंडी फुटल्यानंतर, पण नवे कृमी अंडी घालायला लागण्यापूर्वी व्हायला हवा. तो तिसऱ्या दिवशी केला तर फुकट, कारण अंडी अजून फुटलेली नसतात. चाळिसाव्या दिवशी केला तर उशीर, कारण दुसरी पिढी अंडी घालून मोकळी झालेली असते. सगळी अंडी एकाच दिवशी घातलेली नसतात, त्यामुळे मागून फुटणाऱ्यांसाठी तिसरी फेरीही लागते. आणि या संपूर्ण काळात तो प्रवाळ वेगळ्या टाकीत राहायला हवा. करोनाने सगळ्यांना शिकवलेला शब्द इथे तंतोतंत लागू पडतो : विलगीकरण.

वेगळ्या टाकीचा आणखी एक फायदा म्हणजे तुकडा हातात घेऊन निरखता येतो. चकती फेकून देऊन तुकडा नव्या चकतीवर चिकटवणे, बुंध्याजवळचा मेलेला भाग कापून टाकणे आणि दिसलेला प्रत्येक पुंजका टोकदार चिमट्याने खरवडणे ही कामे कोणतेही औषध करत नाही. लिखांसाठी बारीक दातांची फणी लागते, तसेच हे. मुख्य टाकीत कीड आधीच पसरली असेल, तर तिथले सगळे ॲक्रोपोरा बाहेर काढावे लागतात. या कृमीला दुसरे अन्न चालत नाही. प्रवाळ नसलेल्या टाकीत मागे राहिलेली अंडी फुटतात, पिल्ले बाहेर येतात आणि उपाशी मरतात.

गुरांचे औषध, कुत्र्याची गोळी

या किडींसाठी म्हणून बनवलेली औषधे फार थोडी आहेत. त्यामुळे हौशी लोकांनी हात मारला तो जनावरांच्या औषधांवर. चपट्या कृमीसाठी गुरामेंढ्यांना जंतांवर देतात ते लेव्हामिसोल वापरून पाहिले गेले. रेड बगसाठी कुत्र्यांना हृदयातल्या जंतांसाठी दिली जाणारी मिल्बेमायसिनची गोळी चूर्ण करून टाकीत घालण्याची प्रथा पडली. ती लागू पडते, पण रेड बग हा कोळंबी-खेकड्यांच्याच वर्गातला असल्याने टाकीतल्या कोळंब्या, खेकडे आणि पाणी निरोगी ठेवणारे असंख्य सूक्ष्म जीवही त्याबरोबर जातात. काहींनी तर बागेतल्या फवारणीचे कीटकनाशक पाण्यात कालवून डिप केले. ही औषधे अशा वापरासाठी तपासलेली नसतात, हात-डोळे-श्वास यांना त्यांचा धोका असतो आणि उरलेले पाणी गटारातून शेवटी नदी-समुद्रातच जाते.

सुक्याबरोबर ओले जळू नये म्हणून आधी गुन्हेगार ओळखणे महत्त्वाचे. मरत्या प्रवाळाजवळ केसाळ समुद्री अळी दिसली की तिलाच दोष दिला जातो. बहुतेक वेळा ती मेलेले मांस साफ करायला आलेली असते; मढ्याजवळ गिधाड दिसले म्हणून मारेकरी गिधाड ठरत नाही. ॲक्रोपोराच्या फांद्यांत दडणारे इवलेसे खेकडेही असेच नाहक मरतात. समुद्रात अशा काही जातींचे खेकडे आपल्या प्रवाळाचे राखणदार असतात; प्रवाळ खाणाऱ्या काटेरी ताऱ्याला ते चिमटे काढून पिटाळतात. डिपमध्ये हे राखणदार पहिल्यांदा मरतात.

राखणदार का हवेत

समुद्रात हा चपटा कृमी संशोधकांना मोठ्या मुश्किलीने सापडला, आणि टाकीत मात्र त्याची शेकडोंनी पैदास होते. याचे एक उघड कारण म्हणजे टाकीत त्याला खाणारे कोणी नसते. प्रवाळभित्तीवर रास जातीचे छोटे मासे दिवसभर फांद्या टिपत असतात, रात्री कोळंब्या फिरतात.

जेम्स कुक विद्यापीठातल्याच संशोधकांनी २०२० मध्ये सहा पट्ट्यांचा रास मासा आणि पेपरमिंट कोळंबी यांना कामाला लावून पाहिले. दोघांनीही कृमींची संख्या घटवली. कोळंबीचे विशेष हे की ती अंडीही खाते. जे काम औषधाला जमत नाही ते तिला जमते. पण दोघांपैकी कोणीही कीड समूळ संपवत नाही. म्हणून राखणदार हे विलगीकरणाला पर्याय नव्हेत, ते त्याच्या जोडीला हवेत. पेपरमिंट कोळंबी आयप्टेशियाही खाते. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय तर आयप्टेशियाखेरीज काहीच खात नाही. ते संपले की तीही उपासमारीने संपते. एक गोगलगाय प्रवाळाची वैरी, तिचीच नातलग प्रवाळाच्या वैऱ्याची वैरी.

रोगापेक्षा इलाज भयंकर

औषध, चिमटा, कोळंबी या सगळ्याला कंटाळलेला माणूस शेवटी एक सोपी युक्ती काढतो : दगड टाकीतून बाहेर काढायचा आणि त्यावर उकळते पाणी ओतायचे, किंवा तो सरळ पातेल्यात उकळायचा. आयप्टेशिया, अंडी, कृमी सगळे एका दमात खलास. आणि इथेच माणसाचा जीव धोक्यात येतो.

अशा दगडांवर बहुधा झोएंथिड वाढलेले असतात. लहान बटणांसारखे, रंगीबेरंगी, प्रवाळांचे मऊ नातेवाईक. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. १९७१ मध्ये हवाईत ते प्रथम वेगळे करण्यात आले. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप असतात. पॅलिटॉक्सिन त्या पंपावर बसते आणि त्याचे सताड उघडे दार करून टाकते. क्षारांचा तोल ढळतो. स्नायू, हृदय, श्वास सगळ्यांवर परिणाम होतो. या विषावर उतारा नाही. रुग्णाला सावरत, लक्षणांवर उपचार करत थांबणे एवढेच डॉक्टरांच्या हातात असते.

दगड उकळला की विष वाफेबरोबर खोलीभर पसरते. अमेरिकेत एका हौशी माणसाने नको असलेल्या झोएंथिडवर उकळते पाणी ओतले आणि ती वाफ श्वासात गेल्याने त्याला विषबाधा झाली. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात मत्स्यालयांच्या दुकानांत आणि घरांत श्वासावाटे झालेल्या अशा संशयित विषबाधांचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायर परगण्यात स्टीव्हन्टन गावातल्या एका घरी टाकीतला प्रवाळ साफ करताना विष हवेत पसरले आणि दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत मदतीला धावून आलेले कर्मचारीही होते.

लक्षणे फसवी असतात. खोकला, धाप, थंडी-ताप, अंगदुखी, तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव. डॉक्टरला ते सहज फ्लूसारखे वाटते. म्हणून मत्स्यालयाच्या कामानंतर असा त्रास सुरू झाला तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे, घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांनाही बाहेर काढावे आणि रुग्णालयात गेल्यावर ‘झोएंथिड हाताळले होते’ हे पहिल्यांदा सांगावे. डोळ्यांत तुषार गेला असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावे. या विषाने बुब्बुळाच्या पारदर्शक पडद्याला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे आहेत. हा इशारा भारतासाठीही आहे, कारण खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत झोएंथिड इथेही दिसतात.

टाकीतून समुद्राकडे

घरातल्या टाकीची ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर समुद्रातही चालू आहे. ग्रेट बॅरियर रीफवर १९८५ ते २०१२ या २७ वर्षांत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्याने घटले. ऑस्ट्रेलियाच्या सागरी विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा त्यातला ४८ टक्के वाटा चक्रीवादळांचा, ४२ टक्के काटेरी ताऱ्यांचा आणि १० टक्के विरंजनाचा निघाला. त्यानंतरच्या काळात पाणी तापून होणारे विरंजन फार वाढले. वादळ थांबवता येत नाही, समुद्र एका दिवसात थंड करता येत नाही. काटेरी तारे मात्र वेळीच आवरता येतात. तिथले पाणबुडे एकेका ताऱ्याला पित्तक्षाराची सुई टोचून मारतात. तिथेही सगळे अवलंबून असते ते एका गोष्टीवर : पुढची पिढी अंडी घालण्यापूर्वी पोहोचण्यावर.

रोपवाटिकांत वाढवलेले प्रवाळ जेव्हा समुद्रात लावले जातात, तेव्हा त्यांच्याबरोबर कीड जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. हौशी माणसाचीही जबाबदारी तेवढीच. टाकीतले पाणी, दगड किंवा नकोसा झालेला जीव खाडीत सोडून देणे ही दया नव्हे. अटलांटिक महासागरात आज धुमाकूळ घालणारा लायनफिश हा मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला मासा. मत्स्यालयांतून सुटलेल्या माशांपासूनच तो तिथे पसरला असे मानले जाते.

टाकी बाळगणाऱ्यांसाठी

० नवा तुकडा थेट मुख्य टाकीत ठेवू नये. वेगळ्या टाकीत किमान दीड महिना ठेवावा. पाणी थंड असेल तर आणखी जास्त.

० डिप एकदा करून थांबू नये. पाण्याचे तापमान लक्षात घेऊन पुढच्या फेऱ्यांच्या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात.

० चकती टाकून द्यावी, बुंधा तपासावा, अंडी हाताने खरवडावीत. अंधार झाल्यावर लाल प्रकाशाच्या बॅटरीने टाकी न्याहाळावी. अनेक किडी रात्रीच बाहेर येतात.

० ओळख पटल्याशिवाय कोणताही जीव मारू नये.

० टाकीतला दगड कधीही उकळू नये, भाजू नये, त्यावर गरम वाफ सोडू नये, कोरडा ब्रश घासू नये. झोएंथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

या यादीत महागडे असे काहीच नाही. एक जादा टाकी, एक चिमटा, भिंतीवरचे कॅलेंडर आणि दीड महिना थांबण्याची तयारी. प्रवाळाची एक फांदी बोटभर वाढायला बराच काळ लागतो, आणि ती खाऊन संपवायला कृमींना काही आठवडे पुरतात.